दत्तकासाठी बोगोटाला जाताना: कुकर घरीच ठेवा

तुमचा प्रश्न वाचला आणि 2018 चा ऑगस्ट डोळ्यांसमोर आला. तुम्ही अमेरिकेत राहता, कोलंबियातली आठ आणि चार वर्षांची बहीण-भावंडं तुम्हाला दत्तक म्हणून ठरली आहेत, आणि आता बोगोटाला पाच-सहा आठवडे मुक्काम करायचाय. दिवस कसे जातात, मुलांना कुठे कुठे फिरवावं, कुकर-मसाले न्यावेत का, आणि सुट्टी पुरत नसल्यामुळे नवरा मधूनच परत आला तर चालेल का, असं विचारलंय. आमची मुलगी तेव्हा नऊची होती, मुलगा पाचचा. आठवतंय तसं सांगते.

कागदांचं आधी उरकते. दोघांनी मिळून मुलांना भेटायचं, मग साधारण आठवडाभर एकत्र राहायचं. मानसशास्त्रज्ञ येऊन बघून जातात, मग वकील कौटुंबिक न्यायालयात अर्ज लावतात. निकाल हातात पडेपर्यंत मुलांना देशाबाहेर नेता येत नाही. निकालानंतर नवा जन्मदाखला, पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी आणि अमेरिकन दूतावासात आयएच-3 व्हिसा (परदेशात दत्तकविधान पूर्ण झालेल्या मुलांचा). कायद्यात निकालाला दहा कामाच्या दिवसांची मुदत आहे, पण ‘कामाचे दिवस’ हे शब्द नीट वाचा. तिथे बऱ्याच सुट्ट्या सरकवून सोमवारी घेतात. आमच्याच मुक्कामात 7 ऑगस्टचा मंगळवार गेला, मग 20 ऑगस्टचा सोमवार. 20 डिसेंबर ते 10 जानेवारी न्यायालयं बंद असतात आणि ईस्टरच्या आधीचा आठवडाही जातो, तेव्हा भेटीची तारीख ठरवताना कॅलेंडर समोर ठेवा. आणि प्रत्येक कागदावरचं स्पेलिंग कार्यालयाच्या खिडकीपाशीच उभं राहून तपासा. आमच्या आडनावात ‘एच’ आहे. स्पॅनिशमध्ये एच उच्चारत नाहीत, तो एका कार्यालयात गळून पडला आणि आमचे चार दिवस त्याच्या मागे गेले.

आता राहणं. हॉटेलच्या खोलीपेक्षा स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घ्या. खाली चोवीस तास बसणारा दरवान असतो, त्याच्याशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या. बोगोटा 2,640 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पहिले दोन दिवस डोकं जड होतं, जिना चढताना धाप लागते. मुलांच्या भेटीच्या निदान दोन दिवस आधी पोचा, नाहीतर पहिल्या फोटोत तुम्ही आजारी दिसाल (मी दिसते). हवा बारमाही महाबळेश्वरच्या पावसाळ्यासारखी गार, घरात हीटर नसतो, स्वेटर हवाच. नळाचं पाणी पिता येतं. रस्त्यांना नंबर असतात: ‘काये’ पूर्व-पश्चिम, ‘कार्रेरा’ उत्तर-दक्षिण, आणि डोंगर कायम पूर्वेला. डोंगर दिसतोय तोवर माणूस हरवत नाही.

सुरक्षिततेचं विचारलंय. तिथे एक म्हण आहे, ‘पपई देऊ नये’. म्हणजे आपण होऊन चोराच्या हातात आयती संधी द्यायची नाही. रस्त्यात फोन बाहेर काढायचा नाही, टॅक्सी अॅपवरूनच बोलवायची, बस. दादरला गर्दीत पर्स जशी पोटाशी धरतो तितपतच.

खरं सांगायचंय ते पुढे आहे. आम्ही जाताना पर्यटनाची यादी करून गेलो होतो: सोन्याचं संग्रहालय, मोन्सेर्राते डोंगराचा रोपवे, मिठाच्या खाणीतलं चर्च. पहिल्या आठवड्यात तीन ठिकाणं केली आणि तिन्ही ठिकाणी मुलगा रडला, मुलगी गप्प झाली. मग मानसशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, रोज तेच करा. तेव्हा यादी फेकून दिली. सकाळी तोच कोपऱ्यावरचा पाव, मग तीच बाग, दुपारी झोप, चारला तेच दुकान. दुसऱ्या आठवड्यात मुलगा बागेच्या फाटकापाशी आमचा हात सोडून पुढे पळायला लागला.

परदेशात आपण असतो, मुलं नसतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. भाषा त्यांची, चव त्यांची, नाणी त्यांची. मी दुकानात सुटे पैसे मोजत बसायचे आणि आमची लेक वैतागून माझ्या तळहातावरची बरोबर तेवढी नाणी उचलून द्यायची. तिला ते काम आवडायचं. करू द्या, पुढे विमानातून उतरलं की उलटं होणारच आहे.

बोगोटातली कितीतरी मुलं आईबापांशी ‘उस्तेद’ म्हणून बोलतात, म्हणजे आपलं ‘अहो-तुम्ही’. अमेरिकेतून गेलेल्या दुसऱ्या एका जोडप्याला वाटत होतं की मुलगा परकेपणानं वागतोय. मला तसं वाटलं नाही, कारण मी स्वतः बाबांना जन्मभर अहो म्हणत आलेय.

मुलं आधी राहिलेली असतात त्या संस्थेची शिस्त त्यांच्याबरोबर घरात येते. आमच्याकडे पहिल्या रात्री बाथरूममधून पाण्याचा आवाज आला. बघते तर लेक स्टुलावर उभी राहून बेसिनमध्ये स्वतःचे आणि भावाचे मोजे धूत होती. निळी साबणवडी तिने पिशवीतून आणली होती. पिळले, झटकले, नळावर वाळत घातले. मी मशीन दाखवलं, तर तिनं मान हलवली आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. नवरा म्हणाला, सांग तिला, नऊ वर्षांच्या पोरीनं हे करायचं नसतं. मी सांगितलं नाही. तिसऱ्या रात्री माझे मोजे घेऊन तिच्या शेजारी उभी राहिले. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातून एक मोजा काढून घेतला आणि टाच कशी घासायची ते दाखवलं. आमचं पहिलं खरं बोलणं ते. ताटाचंही तसंच. कुणीतरी ‘बुएन प्रोवेचो’ (म्हणजे ‘सावकाश जेवा’सारखं) म्हटल्याशिवाय दोघं घास उचलायचे नाहीत. आम्ही पहिल्या जेवणाला पाच मिनिटं त्यांच्याकडे बघत बसलो होतो, भूक नाही म्हणून काळजी करत.

कुकर नेऊ नका. इतक्या उंचीवर पाणी सुमारे 91 अंशांनाच उकळतं, डाळ उघड्या भांड्यात शिजता शिजत नाही, त्यामुळे तिथे घरोघरी कुकर असतो. नावच ‘ओया पितादोरा’, शिट्टीचं भांडं! आमच्या फ्लॅटमध्ये होता. मसूर लावले, पहिली शिट्टी झाली आणि धाकटा ‘लेंतेखास! लेंतेखास!’ (मसूर! मसूर!) ओरडत स्वयंपाकघरात आला. मसूर आणि भात हे तिथलं रोजचं जेवण. फक्त मिरची टाळा, तिथली मुलं तिखट खात नाहीत. हळद, जिरं, हिंगाची डबी पुरे. आरेपा म्हणजे मक्याची जाड, लहान भाकरी. पानेला म्हणजे चक्क गूळ, आणि गरम गूळपाणी हे मुलांचं रोजचं पेय. गाडीवर कैरीच्या फोडी मीठ-लिंबू लावून मिळतात. तुमचीच गैरसोय सगळ्यात कमी होईल, बाकीच्या आईबापांपेक्षा.

रविवारी मात्र बाहेर पडा. सकाळी सात ते दुपारी दोन शंभरावर किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद आणि सायकलींना खुले असतात, 1974 पासून. ऑगस्टमध्ये गेलात तर वारा सुटलेला असतो आणि बागांमध्ये पतंगच पतंग. नवऱ्याने संक्रांतीची सगळी विद्या तिथे पणाला लावली आणि धाकट्याच्या लेखी बाबा त्या दिवशी मोठा झाला.

म्हणूनच नवऱ्याच्या सुट्टीबद्दल. निकालानंतर एकाने परत गेलं तर कागदांना सहसा अडचण येत नाही, वकिलांकडून अधिकारपत्र आधी करून घ्या. आमचा बाबाही गेला, अकरा दिवसांसाठी. मुलांच्या अनुभवात गेलेला मोठा माणूस परत येत नसतो, हे आमच्या डोक्यात आलं नाही. रोज सहाला फोनवर दिसायचा तरी धाकटा फोनकडे पाठ करून बसायचा. घाईत त्याच्या घरातल्या चपला तिथेच राहिल्या होत्या. धाकट्याने त्या दाराशी नेऊन ठेवल्या, टोकं आतल्या बाजूला, म्हणजे बाबाला आल्या आल्या पाय घालता येतील. रात्री दोनदा उठून बघायचा. सुट्टी बिनपगारी मिळत असेल तर घ्या. नाहीच जमलं तर जाण्याआधी चार दिवस रोज सांगा, भिंतीवर दिवस खोडायला कागद लावा, आणि चपला मुद्दाम ठेवून जायला सांगा. परतीची तिकिटं तारीख बदलता येणारीच काढा, दोघांचीही.