पीडीई९ए: पहिल्या सीजीएमपी मापनाआधी

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या पोरांनी सिकलसेलमुळे हे जीन निवडलं तर नवल नाही. पीडीई९ए २१ व्या क्रोमोसोमवर आहे. त्याचं एन्झाइम (पीडीई९) सीजीएमपी, म्हणजे पेशीच्या आत निरोप पोहोचवणारा छोटा रेणू, तोडून साधं जीएमपी बनवतं, आणि सीजीएमपी वाढलं की लाल पेशी घडवणाऱ्या पेशींत गर्भातलं हिमोग्लोबिन वाढू शकतं, जे सिकलसेलमध्ये कामाचं. पण घरी जाऊन ‘औषध सापडलं’ म्हणू नको बाप्पा. हे एन्झाइम रोखणाऱ्या औषधाची पेशंटवर चाचणी झाली, अपेक्षित फायदा दिसला नाही.

आता खरी गोम. सीजीएमपी मोजताना सगळे सवयीने ०.५ मिलिमोलर आयबीएमएक्स (पीडीई रोखणारं रसायन) टाकतात. बहुतेक पीडीई, म्हणजे असे रेणू तोडणारी एन्झाइमं, त्याने थांबतात, पीडीई९ मात्र थांबत नाही. ते अगदी थोडं असलेलं सीजीएमपीही तोडून टाकतं, म्हणून आकडे खाली येतात आणि दोष मापनाच्या किटला जातो. बे-७३-६६९१ सारखा पीडीई९चा खास इनहिबिटर (रोखणारं रसायन) प्लेटच्या वेगळ्या वेलमध्ये (खळग्यात) घे, तो ज्यात विरघळवतात त्या नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल सोबत ठेव. वेळ झाली की माध्यम काढून लगेच ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड टाक, १० मिनिटं ठेव. तरंगत्या पेशी असतील तर आधी सेंट्रिफ्यूज. प्रोटीन मोजायला जोडीची वेल राखून ठेव, कारण ॲसिडमध्ये प्रोटीन साकळतं.

जीनची आरएनए प्रत किती आहे ते क्यूपीसीआरने मोजणार असशील, तर प्रायमर सुरुवातीच्या एक्झॉनवर (जीनच्या तुकड्यांवर) नको. तिथेच स्प्लाइसिंगचे, म्हणजे तुकडे वेगवेगळे जोडले जाण्याचे, प्रकार जास्त. मागच्या कॅटॅलिटिक (प्रत्यक्ष तोडण्याचं काम करणाऱ्या) भागात, दोन एक्झॉनच्या सांध्यावर बसव.