भारतात आयबीडीचे रुग्ण किती? 2.7 लाख की 14 लाख?

रुग्णगटाच्या माहितीपत्रकासाठी तुम्ही विचारलंय की आयबीडीचे (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे आजार, मुख्यतः अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स) रुग्ण एकीकडे 14 लाख लिहिलेत, दुसरीकडे 2.7 लाख, तर छापायचं काय?

दोन्ही आकडे शोधनिबंधांतलेच आहेत. 14 लाख हा 2010 च्या भारतासाठी मांडलेला अंदाज आणि 2.7 लाख हा ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या जगभरच्या आजारांचे अंदाज मांडणाऱ्या अभ्यासाचा, 2019 साठीचा. लोकसंख्येने भागलं तर पहिला लाखामागे 115 च्या आसपास जातो, दुसरा जेमतेम 20. नऊ वर्षांत आजार ओसरलेला नाही. फरक आहे तो गृहीतकांचा, कारण देशभर फिरून रुग्ण कोणीच मोजलेले नाहीत.

घरोघरी जाऊन केलेली मोजणी हवी असेल तर पंजाबची बघा (निबंध 2003 चा). 51,910 लोकांना विचारपूस, संशयितांची दुर्बिणीने तपासणी, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसचे 23 रुग्ण नक्की झाले. म्हणजे लाखामागे 44.3. त्याआधी हरियाणातल्या पाहणीत 42.8 आला होता. हे जुळणं दिलासादायक वाटतं, पण 23 रुग्णांवरचा दर 29 ते 66 मध्ये कुठेही असू शकतो. 44.3 मधल्या त्या ‘.3’ला काही अर्थ नाही.

नव्या रुग्णांचा दर तर त्याहून नाजूक. वर्षभराने त्याच भागात पुन्हा गेल्यावर 3 नवे रुग्ण सापडले, त्यावरून लाखामागे वर्षाला 6. तीनाऐवजी एक सापडला असता तर 2, सहा सापडले असते तर 12! तरी 6 धरून चालू. हा आजार तरुणपणी लागतो आणि बहुतेक रुग्ण तो घेऊन दीर्घायुष्य जगतात. सरासरी 30 वर्षं धरली तर लाखामागे 180 रुग्ण साचायला हवेत. सापडले 44. एक तर आजार अलीकडे वाढू लागलाय, किंवा जुने रुग्ण निसटतायत. माझ्या मते दोन्ही. पाहणीत लक्षणं विचारतात, त्यामुळे औषधाने शांत असलेला माणूस ‘काही त्रास नाही’ म्हणतो. फक्त गुदाशयापुरती सूज असलेल्याला मूळव्याधीचं मलम दिलेलं असतं, आणि रक्ताची आव म्हणून मेट्रोनिडाझोल या जंतुनाशकाचे कोर्स घेणारे वेगळेच.

इथे एक मोठी चूक होते. पंजाबचा 44 हा फक्त कोलायटिसचा आकडा आहे, तो ‘आयबीडी’ म्हणून छापू नका. क्रोन्स त्यात नाही, आणि आपल्याकडे क्रोन्स मोजणं मुळातच अवघड आहे, कारण तो आतड्याच्या टीबीसारखा दिसतो. दोन्हींचा आवडता भाग एकच, लहान आतड्याचं टोक. दोन्हींत व्रण, अरुंद झालेलं आतडं, बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींच्या बारीक गाठी). पनीरासारखा मृत भाग असलेला ग्रॅन्युलोमा दिसला तर टीबी म्हणता येतं, पण तो दरवेळी मिळत नाही. मग टीबीची औषधं सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात. व्रण भरले नाहीत तर क्रोन्सचा विचार. तोवर रुग्ण नोंदीत टीबीचा असतो. मोठ्या रुग्णालयातलं कोलायटिस-क्रोन्सचं प्रमाण घेऊन 44 वरून क्रोन्सचा आकडा काढण्याचा मोहही टाळा, तिथे गुंतागुंतीचे रुग्णच जास्त पोचतात.

चांगली मोजणी कशी असते ते स्कॉटलंडच्या लोदियन भागात दिसतं. तिथे प्रत्येकाला एकच आरोग्य क्रमांक, म्हणून रुग्णालयाच्या, पॅथॉलॉजीच्या आणि औषधांच्या नोंदी एकमेकींशी ताडता येतात. 2018 मध्ये आयबीडीचे रुग्ण लाखामागे 784 निघाले. त्यावर, एका यादीत आहेत पण दुसरीत नाहीत अशांवरून निसटलेल्यांचा हिशेब केला (तळ्यातले मासे खुणा करून मोजतात तसाच), तेव्हा 832. इतक्या नेटक्या व्यवस्थेतूनही चारेकशे रुग्ण सुटले होते.

पत्रकात एकच आकडा ठोकू नका. असं लिहा: ‘भारतात आयबीडीच्या रुग्णांचे अंदाज 2.7 लाख (2019) ते 14 लाख (2010) असे आहेत. पंजाबातल्या घरोघर पाहणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण लाखामागे सुमारे 44 आढळलं.’ वर्ष आणि आजाराचं नाव गाळू नका. आणि आयबीएसचे (इरिटेबल बाउल सिंड्रोम, हा वेगळाच आजार) आकडे चुकून मिसळले नाहीत ना, हे छपाईआधी एकदा तपासा. एका अक्षराचा फरक, पण तो आजार कितीतरी पटीने जास्त आढळतो.