लेवेची गाणी म्हणजे जुन्याचे सोंग आहे का?

आपला प्रश्न असा आहे की, आइसलँडची तरुण गायिका लेवे व्हायोलिनच्या ताफ्यासह साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या धाटणीची प्रेमगीते गाते, ती आजच्या मुलांना एवढी का आवडतात आणि हे निव्वळ जुन्याचे सोंग तर नव्हे. मला ते सोंग वाटत नाही, कारण तिच्या गाण्यांचा बाज जुना असला तरी त्यांतली मुलगी आजचीच आहे.

‘फ्रॉम द स्टार्ट’ (२०२३) हे गाणे पाहा. चाल बोसा नोव्हाची, म्हणजे १९५०च्या दशकाअखेरीस ब्राझीलमध्ये रुजलेल्या मवाळ, झुलत्या लयीची. नायिकेचे मित्रावर एकतर्फी प्रेम आहे आणि तो मात्र तिच्यापुढे भलत्याच मुलीचे गुणगान करत बसतो. तेव्हा इतक्या सुबक चालीत ती त्याचे बोलणे, आपण वैतागून ‘वगैरे वगैरे’ म्हणावे तसे झटकून टाकते. जुन्या गाण्यातली नायिका येथे बहुधा उसासा टाकून गप्प बसली असती. लातूरला नीटची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने हे गाणे मला ऐकवले ते नेमके त्या झटक्यासाठी. व्हायोलिनकडे तिचे लक्षही नव्हते.

माझे होते. परभणीत आकाशवाणीवर जुनी हिंदी गाणी ऐकत वाढलेल्या माणसाला हा वाद्यमेळ परका वाटत नाही. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत, सेबॅस्टियन डिसूझा यांच्या वाद्यसंयोजनामुळे, गायकाचा स्वर चालू असतानाच मागून व्हायोलिनची वेगळी सुरावट वाहत असे. लेवेची आई आइसलँडच्या सिम्फनी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारी आणि ती स्वतः चेलो हे व्हायोलिनच्याच कुळातले मोठे, खालच्या सुरांचे वाद्य शिकलेली असल्यामुळे तिच्या गाण्यांतही तंतुवाद्ये केवळ शोभेला येत नाहीत. तिचा खालच्या पट्टीतला, काहीसा चेलोसारखाच भरदार आवाज माइकच्या अगदी जवळून, जणू एकट्या श्रोत्यासाठी येतो, आणि मागचा मोठा वाद्यमेळ त्या किरकोळ वाटणाऱ्या दुःखाला पूर्ण मान देतो. विशीतल्या मुलांना घरात तो क्वचितच मिळतो.

दोषही आहे. ‘बिविच्ड’ या संग्रहाला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळाले खरे, पण त्यातली संथ गाणी सलग ऐकली की गोडवा अंगावर येतो. म्हणून आपण आइसलँड सिम्फनीसोबतच्या ‘अ नाइट ॲट द सिम्फनी’ या थेट मैफलीच्या ध्वनिमुद्रणापासून सुरुवात करावी. शक्यतो हेडफोन लावून, म्हणजे खालचे चेलो नीट ऐकू येतील.