माझ्यापेक्षा पाचशे रेटिंगनं वरच्या खेळाडूविरुद्ध गॅम्बिट खेळावा का?

खेळा की, पण कुठला ते बघून खेळा. गॅम्बिट म्हणजे बुद्धिबळात सुरुवातीलाच प्यादं मुद्दाम देऊन त्या बदल्यात हल्ला किंवा मोकळी जागा मिळवायची.

तुम्ही लिहिलंय रेटिंग १४५० च्या आसपास, निपाणीहून रविवारी बेळगावला रॅपिड (कमी वेळाचे डाव) खेळायला जाणार आणि पहिल्याच फेरीत दोन हजाराच्या जवळपासचा कोणीतरी येणार अशी भीती. येणारच हो. स्विस पद्धतीत पहिल्या फेरीला रेटिंगनुसार लावलेल्या यादीचे दोन भाग करतात, वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी असं लावतात, म्हणजे अर्ध्या हॉलची सकाळी तीच गत असते. त्यात बेळगावात स्पर्धा म्हटली की गोव्याचे येतात, हुबळी-धारवाडचे येतात, कोल्हापूरचे येतात आणि सांगलीचे पण येतात, आणि सांगली म्हणजे तिथं बुद्धिबळ वाढवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांचं गाव, तिथल्या पोरांना ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चाली, शिकवायची गरज नसते.

"हरायचंच आहे तर मारामारी करून हरू" असं बरेच जण म्हणतात, त्यात निम्मं खरं आहे. आपल्यापेक्षा तगडा माणूस शांत डावात जास्त धोकादायक असतो. काही घडतच नाही, प्यादी समान, सोंगट्या समान, आणि चाळिसाव्या चालीला कळतं की आपला उंट वाईट आहे आणि त्याचा घोडा मधोमध बसलाय. एंडगेममध्ये, म्हणजे थोड्याच सोंगट्या उरल्यावर, पाचशे पॉइंटचा फरक पूर्ण दिसतो. त्यापेक्षा राजा उघडा पडलाय, दोघांनाही मोजून चाली काढायला लागतायत, घड्याळ पळतंय अशा डावात त्याची पण चूक व्हायचा चान्स जास्त. इथपर्यंत गॅम्बिट बरोबर.

पण आजकाल गॅम्बिट म्हणजे लोकांना ट्रॅप वाटतो. ऑनलाइन बघून एंगलुंड गॅम्बिट खेळणारे आमच्याकडं रग्गड झालेत. पांढऱ्याच्या डी४ ला काळ्याचं ई५ (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी, नुसतं घर सांगितलं की प्याद्याची चाल), प्यादं मारलं की घोडा सी६, मग वजीर ई७, बी४ वर चेक, बी२ चं प्यादं खायचं, आणि पांढऱ्यानं उंट सी३ ला आणला की काळा उंट बी४ ला येऊन खेळ खल्लास. लय भारी दिसतंय. फक्त समोरच्यानं उंटाच्या जागी घोडा सी३ ला आणला की तुमच्याकडं काहीच उरत नाही, वजीर तिकडं कोपऱ्यात आणि बाकीची फौज घरात. स्टॅफर्ड गॅम्बिटचं पण तेच, समोरच्यानं डी३ करून उंट ई२ ला ठेवला की तुम्ही नुसते एक प्याद्यानं मागे. दोन हजारवाल्यानं हे ब्लिट्झमध्ये (काही मिनिटांच्या डावात) शेकडो वेळा बघितलेलं असतं, तो हसत पण नाही.

आता खरा मुद्दा, जो गॅम्बिट शिकवणारे सांगत नाहीत. तगडा खेळाडू तुमचं प्यादं घेतो आणि योग्य वेळी परत देतो. आपल्या लेव्हलचा माणूस ते प्यादं छातीशी धरून बसतो आणि त्यातच मरतो, म्हणून आपल्याला वाटतं गॅम्बिट चालतोय. वरचा माणूस व्याजानं घेतलेल्या पैशागत ते लवकरात लवकर फेडून मोकळा होतो. डॅनिश गॅम्बिट बघा, दोन प्यादी देऊन तुमचे दोन उंट कसे तोफेसारखे लागलेले असतात, आणि तो पाचव्या चालीला डी५ करतो. तुम्ही उंटानं मारलं, त्यानं घोडा एफ६, तुम्ही एफ७ वर उंट देऊन त्याचा वजीर घेतला, त्यानं बी४ वर चेक देऊन तुमचा घेतला. मोजा, प्यादी पाच-पाच, वजीर गेले, आणि वजिराच्या बाजूला त्याची तीन, तुमचं एक. ज्या एंडगेमला घाबरून गॅम्बिट खेळला तोच एंडगेम, आणि दहावी चालच चाललीय.

किंग्ज गॅम्बिटमध्ये पण तुमचा घोडा एफ३ ला आला की समोरचा लगेच डी५ करून मोकळा होतो. इव्हान्स गॅम्बिटमध्ये तर असं प्यादं परत द्यायच्या पद्धतीला जुना विश्वविजेता लास्कर याचंच नाव आहे. बी४ चं प्यादं खाऊन काळा उंट ए५ ला गेला, तुम्ही कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) केलं, डी६, डी४, आणि तो उंट बी६ ला आणतो. आता तुम्ही ई५ वर मारामारी करून वजीर बदलले तर प्यादं परत मिळतं, पण तुमची ए आणि सी ची प्यादी एकटी पडतात. तिथं वजीर न बदलता तो बी३ ला काढायचा आणि टेन्शन ठेवायचं, हे ज्याला माहिती आहे त्यानंच इव्हान्स खेळावा. नाहीतर कास्पारोव्हनं १९९५ ला रिगामध्ये आनंदला २५ चालीत हरवलेला डाव बघून आपणही खेळू म्हणाल, तर आपण कास्पारोव्ह नाही हो.

मी स्वतः सिसिलियनविरुद्ध, म्हणजे ई४ ला काळ्यानं सी५ केलं की, स्मिथ-मोरा गॅम्बिट खेळतो, प्यादं दिल्यावर सी आणि डी च्या उघड्या रांगा हत्तींना मिळतात, पुढं काय करायचं हे डोळे झाकून कळतं. त्याला नावं ठेवणारे खूप आहेत, केन स्मिथ, ज्याचं नाव त्या गॅम्बिटला आहे, तो १९७२ ला सॅन अँटोनिओत तीनदा तो खेळला आणि तिन्ही डाव हरला. पण समोर कोण होते, बायर्न, लॅरी इव्हान्स, मेकिंग, सगळे तगडे. मागं हुबळीचा एक पोरगा माझ्यासमोर होता, वयानं निम्मा, रेटिंगनं बराच वर. मी सी३ केलं आणि त्यानं प्यादं घेतलंच नाही, घोडा एफ६. मग ई५, घोडा डी५, झाला अलापिन, म्हणजे सिसिलियनविरुद्धची सी३ ची साधी पद्धत. गॅम्बिट गेला उडत. पण अलापिन मला येत होता म्हणून डाव बरोबरीत सुटला, आणि नंतर तो कानडी-मराठी मिसळून म्हणतोय, "अंकल, मोरावाले सगळे इथं अडकतेत." दुसऱ्या रेल्वे गेटजवळ चहाला बसल्यावर आमचा मित्र मात्र अजून विचारतो, "प्यादं कशाला सोडूलालास रे उगीच?"

काळी घेऊन डी४ आलं तर माझं मत बेन्को गॅम्बिटला. डी४ घोडा एफ६, सी४ सी५, डी५ आणि बी५. इथं प्यादं परत द्यायचा प्रश्नच फारसा येत नाही, कारण तुमचे हत्ती ए आणि बी च्या रांगेत, उंट जी७ ला, आणि दाब पंचवीस चालींनंतर पण तसाच राहतो, वजीर बदलले तरी. वरच्या खेळाडूला आवडत नाही असा हा गॅम्बिट आहे, मॅट नाही, ट्रॅप नाही, नुसता त्रास. अडचण एवढीच की त्यानं सी४ केलंच नाही, लंडन (उंट एफ४ ला काढून शांत मांडणी) मांडला, तर बेन्को होत नाही, त्यासाठी दुसरं काहीतरी साधं तयार ठेवा.

रेटिंगचं म्हणाल तर घाबरायचं कारणच नाही. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) हिशेबात तुमच्यासाठी चारशेच्या वरचा फरक चारशेच धरतात, म्हणजे तुमच्याकडून अपेक्षा ०.०८ गुणाची. के (रेटिंग किती हलायचं ते ठरवणारा आकडा) २० धरला तर हरल्यावर दीड-दोन पॉइंट जातात, बरोबरीला आठ मिळतात आणि जिंकला तर अठरा. ताण त्याच्यावर असतो, बरोबरी झाली तर आठ त्याचे जातात.

रविवारपर्यंत नवीन गॅम्बिट शिकायला बसू नका. जो येतो त्यातलीच एक गोष्ट बघा, त्यानं प्यादं परत दिलं किंवा घेतलंच नाही तर पुढच्या पाच चाली काय. सिसिलियनला मोरा खेळत असाल तर दोन संध्याकाळी अलापिन बघा. ई४ ला तो ई५ करणारा निघाला आणि इव्हान्स नीट येत नसेल तर सरळ इटालियन (उंट सी४ ला) डी३ करून खेळा, कुणी नावं ठेवत नाही.