बाप्तिस्मा झाला, तरी राग जात नाही?

बाप्तिस्म्याने जुना स्वभाव एका दिवसात सुटत नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा ७वा अध्याय वाचा. जे करायचं नाही तेच हातून घडतं, ही तक्रार तिथे ते पत्र लिहिणाऱ्या खुद्द प्रेषित पौलाची आहे. मात्र लगेच पुढचा ८वाही वाचा. नुसता सातवा वाचून बरेच जण खचतात.

एका वेळी एकच सवय धरा. ‘चिडणार नाही’ एवढ्या निश्चयाने भागत नाही. इफिसकरांस ४:२८ मध्ये चोराला फक्त चोरी सोडायला सांगितलेली नाही, कष्ट करून गरजवंताला द्यायलाही सांगितलं आहे. तसंच जुन्या सवयीच्या जागी काय, ते आधी ठरवा: आवाज चढू लागला की बाहेर जायचं, दोन वाक्यांची प्रार्थना करायची, आणि ओरडलातच तर त्याच दिवशी माफी मागायची.

रात्री पाच मिनिटं लिहा: कुठे घसरलो, कोणासमोर, किती थकलेलो असताना. पुष्कळदा मुळाशी अपुरी झोप सापडते. तिथे उपवास वाढवणं म्हणजे उलटा उपाय.

घसरल्यावर लाजेने प्रार्थनाच बंद पडते. नेमकं तेव्हाच स्तोत्र ५१, म्हणजे पश्चात्तापाची प्रार्थना, म्हणा. शिवाय याकोब ५:१६ प्रमाणे एका भरवशाच्या, तोंड बंद ठेवणाऱ्या माणसाला आपली चूक स्पष्ट सांगा. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ हे फार मोघम झालं.