'डिस्टर्बिंग' भयपट आणि आपला 'अभद्र'

प्रश्न असा आला आहे: जपानी भयपटांवर लिहिताना 'डिस्टर्बिंग'ला मराठीत काय म्हणावं? 'अस्वस्थ करणारा' गुळमुळीत वाटतो, तर 'बीभत्स' चालेल का?

सरसकट नाही चालणार. बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा, म्हणजे किळस. ताकाशी मीके यांच्या 'ऑडिशन'च्या (१९९९) शेवटाला, त्या सुया आणि तारेच्या प्रसंगाला, तो शोभेल. तिथेही मी 'अंगावर येणारा' म्हणेन. पण हिदेओ नाकाता यांच्या 'रिंगू'त (१९९८) रक्त जवळजवळ नाहीच. विहिरीतून वर आलेली, केस तोंडावर मोकळे सोडलेली सादाको नावाची भुतीण टीव्हीच्या पडद्यातून सरपटत बाहेर येते, एवढंच. तिची चाल माणसाची वाटत नाही, कारण अभिनेत्रीला मागे मागे चालवून चित्रण केलं आणि ते उलटं दाखवलं. यात किळस कुठली? उलट, दिवेलागणीला केस मोकळे सोडू नयेत हे ऐकत वाढलेल्यांना सादाको थोडी ओळखीचीच वाटते.

कियोशी कुरोसावांच्या 'काइरो'त (२००१) तर एक बाई नुसती सावकाश चालत समोर येते. मध्येच तिचा तोल जातो, ती खाली झुकते, सावरते आणि पुन्हा चालू लागते. ना किंचाळी, ना झडप. तरी पोटात गोळा येतो.

याला आमच्या आजीचा शब्द होता: अभद्र. रात्री कुत्रं रडलं की ती म्हणायची, "काय अभद्र रडतंय मेलं!" वाईट अजून घडलेलं नसतं, घडणार असं वाटत असतं. जपानीत या भावनेला 'बुकिमी' म्हणतात. 'किमी' म्हणजे मनाला वाटणं आणि 'बु' नकारार्थी, आपल्या 'अ'सारखा. मासाहिरो मोरी यांनी १९७० साली, यंत्रमानव जवळजवळ माणसासारखा दिसू लागला की तो नकोसा का वाटतो, यावर लेख लिहिला तेव्हा त्यांनीही हाच शब्द घेतला.

अडचण एकच. हिंदीच्या संगतीने 'अभद्र' आता 'अश्लील, असभ्य' या अर्थाने वापरला जातो. 'अभद्र चित्रपट' लिहिलंत तर लोकांना भलताच सिनेमा वाटेल. म्हणून विशेषण चित्रपटाला न लावता आतल्या गोष्टीला लावा: अभद्र शांतता, अभद्र चाल, 'बघताना सारखं अभद्र वाटत राहतं'. अख्ख्या चित्रपटाबद्दल बोलायचं तर 'धसका' घ्या. दारामागून मांजर उडी मारतं तेव्हा आपण दचकतो आणि विसरतो. 'रिंगू' पाहून मी मात्र आठवडाभर झोपण्याआधी टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद करत होतो. तो धसका. २००२ मध्ये हॉलिवूडने 'रिंगू' नव्याने केला आणि २००४ मध्ये ताकाशी शिमिझूंकडूनच 'जु-ऑन' या त्यांच्या जपानी भयपटाची इंग्रजी आवृत्ती करून घेतली, ती या धसक्यापायीच.

जाता जाता: 'जु-ऑन'मधली नवऱ्याने जिवे मारलेली कायाको भूत होऊन जिन्यावरून उतरताना घशातून जो तुटक आवाज काढते, त्याला 'विचित्र कर्कश आवाज' असं लिहिलेलं वाचलं. कशाला? शेवटच्या घटकेला माणसाला जी लागते, ती 'घरघर' आपल्याकडे आहे की.