फादरांना भेटायला जाण्याआधी

प्रिय लेकरा,

तुमच्या कॅथलिक विद्यापीठात क्वीअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) विद्यार्थ्यांच्या गटाला परवानगी आणि सोयी मागणाऱ्या अर्जाचा तुझा मसुदा नीट वाचला. पहिली मागणी खोडून टाक. चर्चने समलैंगिकतेविषयीची आपली शिकवण बदलावी, हे तुमच्या कुलगुरू फादरांच्या हातात नाही, ते रोमच्या हातात आहे. जे त्यांच्याकडून होणारच नाही ते आधी मागितलंस तर त्यांना ‘नाही’ म्हणणं सोपं जाईल, आणि त्या एका नकारात खालच्या सगळ्या मागण्या वाहून जातील. त्यांच्या सहीने जे होऊ शकतं तेवढंच माग.

मागताना आधार त्यांच्याच पुस्तकाचा घे. कॅथलिक कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकाच्या, 2357व्या परिच्छेदात समलैंगिक संबंध चुकीचे म्हटले आहेत. ते लपवायला जाऊ नकोस, फादरांना ते पाठ असतं. पण लगेच पुढे, 2358मध्ये, अशा माणसांना आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकारावं, अन्यायाचा कुठलाही भेदभाव टाळावा, असंही लिहिलं आहे. 2013च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 कायम ठेवलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी उघडपणे सांगितलं होतं की चर्च समलिंगी माणसांना गुन्हेगार मानत नाही. न्यायालय तिथवर पोहोचलं 6 सप्टेंबर 2018ला.

‘कॅथलिक संस्थेत असं कुठे झालंय का?’ हा प्रश्न येणारच. झालंय. अमेरिकेतलं जॉर्जटाऊन हे जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांचं विद्यापीठ. तिथल्या समलिंगी विद्यार्थ्यांचा गट कोर्टात गेला आणि 1987मध्ये निकाल लागला: गटाला विद्यापीठाने आपली पसंती द्यावी अशी सक्ती नाही, पण इतर गटांना मिळणाऱ्या सोयी यांनाही द्याव्याच लागतील. मला हा निकाल फार शहाणा वाटतो. पसंती तुमच्याजवळ ठेवा, खोली आणि सूचनाफलक द्या. पुढे विद्यार्थ्यांच्या रेट्याने 2008मध्ये तिथेच अशा विद्यार्थ्यांसाठी केंद्र उघडलं, अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठांतलं पहिलं. नोत्र दाम या तिथल्याच दुसऱ्या कॅथलिक विद्यापीठाने तर अशा गटाचे अर्ज वर्षानुवर्षं फेटाळले आणि डिसेंबर 2012मध्ये परवानगी दिली, तीही चर्चच्या शिकवणीला धरून आखलेल्या आराखड्यासकट. हा आराखडा छापून सोबत ने. दुसऱ्या फादरांनी ते करून ठेवलंय हे दिसलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

कायद्याचं थोडक्यात. यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत 2016च्या दुरुस्तीने लैंगिक कल आणि ट्रान्स ओळख यांवरून होणारा छळ रॅगिंग ठरवला आहे. संस्था अल्पसंख्याकांची असली तरी हा नियम चुकत नाही. पण पहिल्याच भेटीत कायदा टेबलावर आपटू नकोस. पिशवीत असू दे.

आता हॉस्टेल. याला तू दोनच ओळी दिल्यास, मी अर्धं पान दिलं असतं. एका कॉलेजात समुपदेशनाचं रजिस्टर मी पाहिलंय. रेक्टरच्या टेबलावर उघडं पडलेलं, दोरीने बांधलेला पेन, आणि रकाने चार: नाव, वर्ग, वेळ, कारण. येणारा प्रत्येक जण आधी मागची पानं चाळायचा. ‘कारण’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, ‘अभ्यास’. असं रजिस्टर आहे तोवर कुणी खरं बोलायला येणार नाही, आणि येऊही नये. आपल्याकडच्या पोरांचं भय तुला मी काय सांगू? रेक्टरचा एक फोन गावाकडे गेला की संपलं. आईबाप ऊसतोडीला गेलेले असले तर फोन चुलता उचलतो, आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट पारावर. मग शिक्षण बंद, आणि तुळशीचं लग्न उरकलं की याचंही उरकून टाकतात.

म्हणून लेखी नियम माग: विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय त्याची ही ओळख घरी, वर्गशिक्षकाला किंवा रेक्टरला कळवायची नाही. जिवाला धोका असेल तर धोका कळवावा, त्यामागची ओळख नाही. फादरांना हे पटवणं तुला वाटतं तितकं अवघड नाही. कन्फेशनमधलं, म्हणजे पापकबुलीतलं, गुपित फोडणारा धर्मगुरू बहिष्कृत होतो, त्यामुळे गुपिताची किंमत त्यांना कुणी शिकवायला नको. मात्र समुपदेशकाची भेट म्हणजे कन्फेशन नव्हे, म्हणूनच तिथे नियम कागदावर हवा. समुपदेशकही हिंदी-मराठीत बोलणारा हवा. मनातलं इंग्रजीत काढायला लावलं तर आपलं पोर गप्पच बसेल. रात्री-अपरात्रीसाठी टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर प्रत्येक मजल्यावर लिहून ठेवा, तिथे मराठीत बोलता येतं. आणि कुणी ‘बरं करणाऱ्या’ डॉक्टरकडे न्यायची भाषा केली तर सांग, राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022मध्ये असले उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

गटाच्या नावातून ‘क्वीअर’ काढा म्हणाले तर काय करायचं, असं विचारलंस. नाव ही किरकोळ गोष्ट आहे, असं मराठवाड्याच्या माणसाला कुणी सांगू नये. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा विधिमंडळाचा ठराव 27 जुलै 1978चा, आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं 14 जानेवारी 1994ला, तेही नामविस्तार म्हणून. मधे घरं जळाली, माणसं गेली. म्हणून नावाचा हट्ट सोड असं मी म्हणणार नाही. पण त्या सगळ्या वर्षांत बाबासाहेबांनीच काढलेल्या मिलिंद कॉलेजात पोरं शिकत होती. नावाचा वाद चालू दे, आठवड्याची बैठक त्यापायी थांबवू नकोस.

वैजापूरकडची ती मुलगी, दर रविवारी मिस्साला जाणारी, तिची इच्छा असेल तर तिला सोबत घे. तिला चर्चही हवंय आणि हा गटही. तुमची मागणी बाहेरच्यांनी चर्चविरुद्ध केलेली नाही, हे तिच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगू शकणार नाही. स्वतःबद्दल किती सांगायचं ते मात्र तिचं तिने ठरवावं.

तेच तुझ्याबाबतीत. घरी अजून माहीत नाही आणि फी मामा भरतात, मग अर्जावर तुझी एकट्याची सही नको. दोन प्राध्यापकांच्या सह्या वर घे. ‘मी स्वतः’ हे शब्द मसुद्यात तीन ठिकाणी आलेत, तिथे ‘विद्यार्थी’ लिही. दुरुस्त करून रविवारपर्यंत पाठव, भेटीआधी पुन्हा वाचून देते.

तुझ्या बाई,
परभणी